भोक न पाडता

३ नोव्हेंबर
सासरेबुवा शेवटी बोलले! "माझ्या गाडीच्या डिकीवर तुझा तो स्पॉयलर, ती पंखासारखी पट्टी, बसवून दाखव. भोक पाडायचं नाही, रंगाला ओरखडा नाही. आठ दिवसांनी काढायला लावून मी स्वतः बघणार. जमलं तर खालचं वर्कशॉप तुझं. नाहीतर परत विषय काढायचा नाही."

दोन वर्षं बंद आहे वर्कशॉप — त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून. ही गाडी त्यांनी रंगवलेली शेवटची. तळहाताच्या फोडासारखी जपतात, रोज सकाळी पॉलिश. आणि म्हणे टेपनं चिकटवणं म्हणजे पोरखेळ! बघतेच.

४ नोव्हेंबर
मास्किंग टेप लावून खुणा केल्या. स्पिरिटनं जागा पुसली. सुकेपर्यंत आत जाऊन चहा घेतला. मग दोन्हीकडून चिकटणारी टेप, त्यावर स्पॉयलर, आणि जीव खाऊन दाबलं. एका रेषेत बसला! नवरा म्हणाला, "गाडीचं वय कमी झालं." सासरेबुवा नुसतेच "हं."

५ नोव्हेंबर
डावी कड सुटली.

६ नोव्हेंबर
अख्खा हातात आला! रडले. हो, नळ सोडून रडले. टेप चांगली, दाब चांगला. मग चुकलं कुठे?

७ नोव्हेंबर
सापडलं!! सुटलेली टेप नाकाशी नेली — पॉलिशचा वास. पण मी तर पुसलं होतं! सरळ जाऊन विचारलं. सासरेबुवांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. "तू आत गेलीस ना, तेव्हा तेवढीच जागा मळकट दिसत होती... जरा फडकं मारलं."

"अहो बाबा, पॉलिशच्या मेणावर टेप धरेल कशी!"

आधी संताप आला. मग हसूच फुटलं, तेही हसले. "पहिल्यापासून मोज आठ दिवस," म्हणाले.

८ नोव्हेंबर
दुसरी फेरी. दोनदा पुसलं, जागची हलले नाही. सासरेबुवा हात पाठीमागे बांधून उभे — वर्गाबाहेर काढल्यासारखे.

९ नोव्हेंबर
टेप पक्की धरावी म्हणून आज गाडी धुणं नाही, पुसणं नाही. त्यांची तगमग बघवत नाही.

१२ नोव्हेंबर
पाइपनं पाण्याचा जोरदार फवारा मारला. स्पॉयलर ढिम्म!

१६ नोव्हेंबर
परीक्षा. हेअर ड्रायरनं टेप कोमट केली, नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा ओढत नेला. अलगद निघाला. उरलेला चिकटा अंगठ्यानं चोळून काढला. सासरेबुवांनी चष्मा काढून ठेवला आणि बोटांनी डिकी चाचपली. पुन्हा एकदा चाचपली. 

"इथे काही लावलं होतं असं वाटतच नाही."

जिंकले! मूठभर मांस चढलं अंगावर! पण वर्कशॉपबद्दल चकार शब्द नाही. लगेच पॉलिशचा डबा घेऊन बसले.

१७ नोव्हेंबर
सकाळी खिडकीतून पाहिलं तर सासरेबुवा डिकीवर वाकलेले. म्हटलं झालं, आजही पॉलिश! खाली गेले. वर्कशॉपचं शटर सताड उघडं. त्यांच्या हातात माझी स्पिरिटची बाटली. कालचं पॉलिश थरथरत्या हातानं स्वतःच पुसून काढत होते.

"चल, बसव परत. सुकेपर्यंत मी हात लावत नाही."