खावरबीबीचा झीलू

मेबोद, इस्फंदची अठरा तारीख

प्रिय अख्तर,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. नौरोजला तू येणार, नातीला घेऊन मशिदीत जाणार आणि आईनं मशिदीत अंथरायला दिलेला सुती झीलू विकून खाल्ला म्हणून, मशिदीच्या किल्ल्या ज्याच्याकडे असायच्या त्या मश्दी हैदरला सगळ्यांदेखत जाब विचारणार, असं लिहिलंस. ‘कोकब, तेव्हा तू माझ्या बाजूला उभी राहा,’ असंही लिहिलंस. या बारा दिवसांत चार वेळा कागद पुढ्यात घेतला आणि चारही वेळा उठून भांडी घासायला गेले. आज घरात घासायला भांडं उरलेलं नाही.

आधी गावची खबर देते, तेवढाच जिवाला धीर. आपण ज्या मातीच्या भिंतींवरून पडून गुडघे फोडून घेतले, त्यांच्यापुढे उभे राहून आता लोक फोटो काढतात. नारीन किल्ल्याखाली बसगाड्यांची रांग, कबुतरांच्या मनोऱ्याला तिकीट! जुन्या कारवाँसराईत विणकर पर्यटकांना मागावर दोन हात चालवून दाखवतो आणि फोटो झाला की चहा प्यायला उठतो. झीलू घेतंय कोण? मशिदींनीसुद्धा काशानचे यंत्रावरचे गालिचे अंथरले. इनायतला फरशीच्या कारखान्यानं घरी बसवलं, तेव्हा आम्ही नवराबायकोनं सासऱ्यांच्या घराचं पाहुणेघर केलं. त्याचे फोटो पाहून तू किती कौतुक केलंस! ‘अंगणातल्या लाकडी तख्तावरचा झीलू अगदी आईच्या झीलूसारखा दिसतो गं,’ म्हणालीस. मी घाईनं विषय बदलला.

अख्तर, सारखा नाही. तोच आहे.

फाडून टाकू नकोस हे पत्र, पुढचं वाच. मशिदीत नवे गालिचे आले आणि जुने झीलू तळघरात गेले. आम्ही तेव्हा नुकतं घर सारवून, रंगवून पाहुण्यांसाठी उघडलं होतं आणि अंगणात अंथरायला धड काही नव्हतं. मी मश्दी हैदरकडे गेले. सासऱ्यांच्या बरसीच्या जेवणाला चहाचा मोठा समोवार हवा, असं सांगून तळघराची किल्ली मागितली. ‘घ्या की, तुम्ही काय परक्या आहात?’ म्हणत त्या भल्या माणसानं जुडगाच हातात ठेवला. मी समोवार नेला आणि झीलूही नेला. मनाशी म्हटलं, इथं उंदीर खातील, त्यापेक्षा माझ्याकडे नीट राहील. चोरी करताना माणसाला किती शहाणपण सुचतं बघ.

तू नऊ वर्षांची असताना विषमज्वरात वाचलीस म्हणून तुझ्या आईनं, खावरबीबीनं बोललेला नवस तो. तीन हिवाळे तिनं स्वतः सूत कातलं. मला आठवतंय, चरख्यावर बसल्या बसल्या ती आपल्या दोघींच्या तोंडात कुत्ताब कोंबायची आणि म्हणायची, ‘खा गं भवान्यांनो, पण सुताला तुपाचे हात लावाल तर याद राखा!’ काठात निळ्या धाग्यानं तिचं नाव आहे, साल आहे आणि हा झीलू मशिदीबाहेर नेईल त्याला शाप आहे. एका दुपारी इनायत झोपला असताना मी तो काठ आत दुमडून जाड दोऱ्यानं शिवून टाकला. त्यावर पाहुणे बूट घालून बसतात, न्याहारी करतात, अंडं सांडतात. मी हसून ‘असू द्या, असू द्या’ म्हणते.

दोन वर्षांनी मशिदीच्या सामानाची मोजदाद झाली. एक झीलू कमी. हैदरनं पर्यटकांना विकला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. बायकांत उभी राहून मीही चुकचुकले. आणि तुला फोनवर ‘लोक हैदरचं नाव घेतात बाई’ असं सांगणारी मीच. लोकांच्या तोंडून बोलले म्हणजे आपलं तोंड स्वच्छ राहतं, असं वाटलं होतं मला. लाज वाटते गं, नुसती लाज वाटते.

काल इनायतला सगळं सांगितलं. तो जेवला नाही. येत्या शुक्रवारी नमाजानंतर मी मशिदीत उभी राहून सगळ्यांपुढे हेच सांगणार आहे आणि झीलू परत करणार आहे. ऐन वेळी पाय मागे घेता येऊ नये, म्हणून आधी तुला लिहिते. तू आलीस की जाब मला विचार. थोबाडीत मारलीस तरी चालेल, पण त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन काही बोलू नकोस.

आणि आज लिहायला बसले त्याचं कारण निराळंच आहे. मंगळवारी हैदर आमच्याकडे झाडलोटीचं काम मिळेल का, विचारायला आला होता. आमच्या तख्तावर बसताना जोडे काढणारा इतक्या वर्षांतला तो पहिला माणूस. चहा येईपर्यंत झीलूवरून हात फिरवत होता. मग एका जागी त्याचा हात थांबला. कधीकाळी निखारा पडून जळालं होतं तिथं, ते त्यानंच रफू केलेलं. मी चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. त्यानं मान वर केली नाही. खडीसाखर तोंडात धरून सगळा चहा संपवला, जोडे घातले आणि म्हणाला, ‘कोकबखानम, उन्हात नका ठेवू, निळा रंग उडतो. आणि अख्तरबाई फार कष्टी आहेत म्हणे. त्यांना कळवा, आईचा झीलू सुखरूप आहे. लोक माझं नाव घेतात, ते राहू द्या तसंच.’ कामाचं विचारायचंही विसरला. त्याचा निरोप तुला पोचवते आहे, अख्तर. झीलू सुखरूप आहे.

तुझी म्हणवून घ्यायला जीभ अडखळते, तरी तुझीच,
कोकब