रांगोळीने घासलेली काच

अण्णा नगर, चेन्नई
१५ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
तनयाचा सा. न. वि. वि.

ओरखडे पडलेल्या काचेतून माशांना आपण कसे दिसत असू? पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही. फोनवर तू आधी हसशील आणि मग ऐकशील, म्हणून पत्र लिहिते आहे.

भोगीला इथे सगळं घर झाडून काढतात. मी घरमालक शेषाद्रीमामांची माशांची टाकी घासायला घेतली. काच लखलखावी म्हणून, आपण देवाची भांडी घासतो तशी, रांगोळी आणि काथ्याने! पाणी भरल्यावर पाहते तो पुढच्या काचेवर ओरखड्यांचं जाळं. मामांना तेव्हाच सांगितलं. पण आपल्या जुन्या तंजावरी मराठीत ते म्हणाले, की काच बरी आहे, त्यांचेच डोळे गेले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, आणि आता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटतंय. संध्याकाळी टाकीसमोर बसणं सोडलं. दिसतच नाही तर टाकी कशाला, म्हणून सव्वीस तारखेला त्यांचा मुलगा वेंकट टेम्पो आणून ती तांबरमला आपल्या घरी नेणार. मामींच्या मागे त्यांना तेवढीच सोबत आहे गं. काय करू?

तुझी,
तनया


मिरज
१९ जानेवारी

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

हसायचं ते हसलेच. बाबा म्हणाले, की घरातली पहिली पदवीधर आणि काचेला रांगोळी! त्यांच्या मते टूथपेस्ट लाव. मला विचारशील तर तुझ्या इस्त्रीने टेबल जळलं, तेव्हा मी घासत बसले नव्हते. जळका कोपरा भिंतीकडे केला. पाहुणे अजून त्या टेबलाचं कौतुक करतात.

मामांसाठी तिळगूळ पाठवते आहे. वाटेत तू संपवू नकोस.

तुझी आई


अण्णा नगर
२६ जानेवारी

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

बाबांना सांग, टूथपेस्टने नुसता पुदिन्याचा वास आला. मग काच पॉलिश करायची पावडर आणली, मासे बादलीत सोडले आणि फेल्टच्या, म्हणजे दाट लोकरी कापडाच्या, ओल्या तुकड्याने घासत बसले. बारीक ओरखडे गेले, नखाला लागणारे राहिले. आणखी घासलं असतं तर काचेला खोलगा पडून मासे वाकडे दिसले असते. तेव्हा तुझं टेबल आठवलं! टाकी खळखळून धुतली, मागचा निळा कागद सोलला आणि खराब काच भिंतीकडे फिरवून कागद तिच्यावर बाहेरून चिकटवला.

तिळगूळ देऊन मामांना समोर बसवलं. काचेला नाक लावून पाहत राहिले. मग मलाच रागावले, की कलेक्टरची, म्हणजे त्यांच्या जाड्या गोल्डफिशची, शेपटी कडेला चिरली आहे, बादलीत सोडताना माझे डोळे कुठे होते? मला तर ती चीर अजूनही नीट दिसत नाही. रागावून घेऊन इतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

तिळगुळाबरोबर तुझं हसूही असंच पाठवत राहा.

तुझी,
तनया

ता. क. टेम्पो किती वाजता येणार, असं मामांनी आत्ता हळूच विचारलं. तो येणारच नाही. टाकी फिरवण्याआधीच वेंकटअण्णांना फोन करून मी तो रद्द केला होता.