जिवाणूंना शिस्त लावताना

१६ मार्च, सोमवार
विभागप्रमुख लिस्बेटने आज स्पष्ट सांगितलं. ईस्टरनंतरच्या बैठकीत जिवाणूंच्या हालचालीचा माझा आलेख समीकरणाशी जुळलेला दिसला, तर संस्थेतली खोली माझीच राहील. नाहीतर निवृत्ती. भीती नाही. समीकरण तयार आहे. बंद भांड्यातले वायूचे रेणू ज्या नियमाने हलतात, त्याच नियमाने जिवाणूंनी हलायला हवं. हालचाल ती हालचाल.

१९ मार्च
जिवाणू ऐकत नाहीत. आलेखावर मोजमापांचे सगळे ठिपके समीकरणाच्या रेषेच्या वर. सोबतीला दिलेला जीवशास्त्रज्ञ आस्गर केसही विंचरत नाही. त्याला म्हटलं, यांचं तापमान काढू. म्हणतो, "थर्मामीटर काखेत लावू की जिभेखाली?" तापमान म्हणजे एकूण चुळबुळ, हे समजावण्यात दुपार गेली.

२४ मार्च, सकाळी सात
झोप नाही. चूक समीकरणात नाही, परिस्थितीत आहे. काचेखालच्या थेंबात आस्गर नळीने सतत साखरपाणी सोडतो. रेणूंना कोणी जेवायला घालतं का? नळी बंद करवली. "उपाशी ठेवणार त्यांना?" बाहेरची ढवळाढवळ थांबवणार, असं मी उत्तर दिलं.

२७ मार्च
ठिपके जरा खाली आले! हवेची नळीही काढली, ऊबही बंद केली. आस्गर म्हणाला, "बाई, आता शेजारी मेणबत्ती लावून ठेवू का?" चेष्टेकडे लक्ष द्यायचं नाही. खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरायची नाहीत. दोन्ही ठरलं आहे.

२ एप्रिल
ईस्टरची सुट्टी. काचपट्टीच्या कडा मेणाने बंद केल्या. बहिणीने सणाचे हेरिंग मासे खायला बोलावलं होतं, गेले नाही. मी देव मानत नाही. तरी आज थोडं मागितलं. नोंद म्हणून लिहिते, एवढंच.

७ एप्रिल
जुळलं! एकूण एक ठिपका रेषेवर. दार लावून रडले. शिस्त लावली की लागते.

८ एप्रिल
बैठक. आलेख पडद्यावर येताच सगळे पुढे वाकून बघू लागले. भारावले, असं वाटलं. मग आस्गरने विचारलं, चेष्टा न करता, "गुड्रुनबाई, हे जिवंत होते ना?"
समीकरणात तसा प्रश्नच येत नाही, असं मी ठणकावलं.
"तेच तर," लिस्बेट म्हणाली. मेलेले जिवाणू पाण्याच्या धक्क्यांनी नुसते थरथरतात. माझं समीकरण तेवढंच सांगतं, हे तिने फळ्यावर मांडून दाखवलं. मी चूक शोधली. सापडली नाही.
खोली महिनाअखेर सोडायची आहे. आस्गर काचपट्टी धुवायला घेऊन गेला. मी नेऊ दिली.