नवरीच्या आंघोळीचं पाणी

५ मे २००२, रवि. सोपारे
थोरल्या रीटाचं लग्न पुढच्या रविवारी. आज जेवताना मोठे दीर, दादा, अडून बसले. नवरीच्या आंघोळीचं पाणी, आदल्या दिवशी वाजतगाजत आणतात ते, आपल्याच विहिरीचं पाहिजे. "त्या इहिरीचा पानी नाय, तर मी लग्नाला नाय." वाडी बिल्डरला दिली तेव्हापासून विहीर बिल्डिंगच्या कंपाउंडात. वर लोखंडी झाकण, त्याला कुलूप. ह्यांनी नुसती मान हलवली. नेहमीचंच.

७ मे
वाटेत स्तूप बघायला आलेल्यांनी विचारलं, जुनं सोपारे कुठे? म्हटलं, त्यातच उभे आहात.
बिल्डिंगच्या वॉचमनने गेटातूनच परत पाठवलं. सासऱ्यांनी खणलेली विहीर, आणि परवानगी मी मागायची! डोकं फिरलं. सगळा राग ह्यांच्यावर निघाला.
ह्यांचं मत, टँकरचं पाणी कळशीत भरू, दादांना कोण सांगतंय. म्हटलं, पोरीच्या डोक्यावर खोटं पाणी ओतणार नाही.

९ मे
सोसायटीचे सेक्रेटरी सावंत, त्यांच्याकडे गेले. भांडायच्या तयारीनेच. नळाला पाणी नाही, त्यांचंही विहिरीतल्या पंपावरच चाललंय. त्यांना वाटलं, गावचे लोक हक्क सांगायला आले. म्हटलं, फक्त एक कळशी, लग्नाची. तेवढ्यात त्यांची बायको आतून आली, साताऱ्याकडची. बॅण्ड असतो का? असतो म्हटलं. "मग मीपण येते." सावंतांनी खिळ्यावरची किल्ली काढून हातात दिली. इतकंच! रविवारपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा.

११ मे, शनि
झालं एकदाचं. बॅण्ड थेट गेटातून आत. गॅलऱ्या भरलेल्या. सावंतबाईंनी कळशीला हळदकुंकू लावलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत नसतं, पण कुणी काही बोललं नाही. दादांनी स्वतः दोर सोडला. पाणी वर आलं तसे रडायला लागले. मीही. रीटा हसत होती, वेडी.

१४ मे, मंगळ
लग्न छान पार पडलं. चर्चमधलंही सगळं वेळेवर. दादा जेवले, नाचलेसुद्धा. काय हलकं वाटतंय!
संध्याकाळी किल्ली परत द्यायला गेले. तर कळलं, पावसाळ्यानंतर नळाला पाणी येणार, मग विहिरीवर स्लॅब टाकून पार्किंग करायचं घाटतंय. पुढच्या मीटिंगमध्ये ठरेल. धाकट्या लीनाचं अजून व्हायचंय, म्हटलं. सावंतांनी किल्ली घेतली नाही. "ठेवा तुमच्याकडे. मीटिंग होईपर्यंत तरी."
घरी येऊन लीनाला विचारलं, तुझा काय विचार आहे? म्हणाली, आई, आधी बारावीचा निकाल तर लागू दे.