कोपराचं माप

अहो,

गेनूमामा गवंडी दहाला येतील. मागच्या खोलीत तुमच्या कामाच्या बेंचचे लोखंडी अँगल आणि खिडकीची चौकट आजच बसवायची आहे. काल रात्रीच बोलले असते, पण ओव्हरटाइम करून आल्यावर वाद घालायचं त्राण अंगात उरत नाही. म्हणून लिहून ठेवतेय.

बेंच चाळीस इंचांवर नको, अठ्ठावीसवर घ्या. बेंच फिटरच्या कोपराला लागला पाहिजे, हे वीस वर्षं तुम्हीच मला ऐकवलंय. रविवारी दुपारी चाकाच्या खुर्चीत तुमचा डोळा लागला, तेव्हा मी शिलाईच्या टेपने कोपर मोजलं. अठ्ठावीस भरलं. दोनदा मोजलं.

बेंचखाली कप्पा नको, खुर्ची आत शिरली पाहिजे. खिडकी बेंचच्या वर चारच इंच सोडून सुरू करायची. तुम्ही सांगितलेल्या साडेचार फुटांवर ठेवली तर बसल्या जागेवरून नुसतं आभाळ दिसेल, आणि कानस मारताना हातावर उजेड नको का? रुंदी तुमचीच ठेवलीय, चार फूट.

चिडाल, ठाऊक आहे. आधी चपाती-भाजी खा, मग चिडा. मामांना मी फोनवर मापं सांगितलीत, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते भिंतीला हात लावणार नाहीत.

चाळीसवर तुम्ही मारून घेतलेली खडूची रेघ पुसायला सकाळी फडकं ओलं केलं होतं. पण रेघेला हात लावला नाही; फडकं तसंच पिळून दोरीवर टाकलंय.

विजयश्री