कवितेने चकाकलेली काच

तीर्थरूप अक्कास,

परवा खुर्चीत डोळा लागला आणि तो आवाज पुन्हा कानी आला. आपल्या शाळेतल्या लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे तुझा वर्ग नदीची कविता म्हणतोय आणि कडवं संपलं की सगळे पाय एकदम आपटतायत. आमच्या बाजूच्या दौती थरथरायच्या. ती कविता मी एक इयत्ता आधीच शिकलो, तीही फळीतून. असो. साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे मनातल्या मनात). नवा चष्मा कसा आहे? जिना चढताना अजून दम लागतो का? इकडे सगळं ठीक. फक्त विज्ञानात माझी नेमणूक झाली आहे. हसू नकोस.

आपली सूनबाई प्रयोगशाळेत काय करते हे तू मागे विचारलं होतंस, तेव्हा ‘उन्हापासून वीज’ एवढंच सांगून मी वेळ मारून नेली होती. आता मला कळतं. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचं द्रावण ती काचेवर टाकते, काच भोवऱ्यासारखी गरगर फिरवते आणि मग तव्यासारख्या तापलेल्या पाटावर ठेवते. पिवळा थर बघता बघता काळसर होतो (शाळेच्या खिडकीतून संध्याकाळ दिसायची तसा, पण ते राहू दे). खरी मारामार त्याच क्षणी. शाळा सुटल्यावर पोरं दाराशी धडपडतात ना, तसे त्यातले स्फटिक घाईघाईने वाढतात, एकमेकांना रेटतात आणि थराला बारीक भोकं राहतात. भोकं राहिली की वीज वाया. म्हणून सूनबाई द्रावणात दुसऱ्याच एका द्रव्याचे थोडे थेंब घालते. ते द्रव्य म्हणजे दाराशी उभ्या राहिलेल्या बाई : दमानं, रेटारेटी नको! मग स्फटिक सावकाश, मोठे, एकमेकांना बिलगून वाढतात. आणि गंमत म्हणजे, काम झालं की ते द्रव्य तापून उडूनही जातं. श्रेय मागायला थांबत नाही. त्या संस्थेत असा स्वभाव फक्त बाटल्यांतच आढळतो.

बाटल्यांबाहेर प्रमुखसाहेब आहेत. द्रावणात काही मिसळायचं नाही, ते शुद्धच हवं, असं ते वर्षानुवर्षं भाषणांतून सांगत आलेत (आणि टाळ्या घेत आलेत). सूनबाईची नोकरी या महिनाअखेर संपते. सोमवारी तपासणी समिती येणार. समितीला थेंबांची करामत पटली तर सूनबाई कायम, नाहीतर घरी. साहेबांच्या नकळत तिने ते थेंब पहिल्यांदा घातले, नेमका त्याच दिवशी मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो होतो आणि स्टुलावर बसून (सवयच ती) नदीची कविता चालीत म्हणत होतो. काच अशी चकाकली की साहेबांना तिच्यात आपला भांग दिसला.

“सर, मी थेंब घातले होते.”

“थेंबांनी काय होतंय गं! हे गृहस्थ कोण?”

“सासरे.”

“आणि म्हणत काय होते?”

अक्का, हाताखालच्या मुलीचं बरोबर ठरण्यापेक्षा कवितेचं बरोबर ठरलेलं त्या माणसाला परवडलं. ध्वनिलहरींनी स्फटिकांना वळण लागतं, असं त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केलं. माझ्या छातीवर पट्टी लागली : ‘नाद सल्लागार’. सूनबाईला सांगितलं, तू आता घरी आराम कर, काका असले की झालं. आणि मी काय केलं? पट्टी सरळ केली. जन्मभर मी कविता म्हणायला लागलो की लोकांना कामं आठवायची. इथे पदवीधर माणसं श्वास रोखून उभी! सूनबाई मटार सोलत म्हणाली, “जा बाबा, खुशाल म्हणा. तुमची हौस होऊ दे, माझी नोकरी जाऊ दे.” म्हणाली हसतच, पण शेंगा जरा जोरात फुटत होत्या.

काल गळा मोकळा सोडून सगळी कडवी म्हटली. थेंब नव्हते, काचेवरच्या थराची चाळणी. साहेब म्हणाले, खर्ज कमी पडला. कोमट पाणी आलं, माइक आला. पुन्हा चाळणी, या वेळी मोठ्या आवाजात. आज त्यांनी मला काचेच्या इतकं जवळ उभं केलं की माझ्या दमट श्वासाने सूनबाईची ती जुनी चकचकीत काचसुद्धा पिवळी पडली.

प्रकृतीला जप. भाचरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा
(नाद सल्लागार)

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. सूनबाई तुझा शब्द खाली पडू देत नाही. तिला फोन करून सांग, सोमवारी सकाळी गुपचूप जाऊन ते थेंब द्रावणात टाकून ये. समितीपुढे माझ्या कवितेची शोभा व्हायला नको. तिच्या नोकरीचं नंतर बघू.

आणखी एक ता. क. : तो फोन करू नकोस. शेवटचं वाक्य वाचून मलाच कसंतरी झालं. खोडायला पेन उचललं तोच दार वाजलं. बघतो तर प्रमुखसाहेब! धापा टाकत, भांग विस्कटलेला, टाय खिशात कोंबलेला. मी आपला घसा साफ केला. ते घाईने म्हणाले, “नको, नको, काका, तुम्ही बसा. मॅडम आहेत का घरात? सोमवारी समितीला सगळं त्यांनीच समजावून सांगितलं तर बरं.” मॅडम! आजवर नुसतं ‘ए, इकडे ये’ होतं.

स्वयंपाकघरातून तिने विचारलं, “बाबा, कोण आलंय?”

मी म्हटलं, “माझ्याकडे कोणी नाही. तुझ्याकडे आलेत.”