प्रकरण तिसरे : ताईचा त्याग

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवृत्त होऊन पाच महिने झाले. छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आता कादंबरी लिहायचं ठरवलं आहे. घाबरू नकोस, नकाशा तयार आहे. टेबलावर मावेना म्हणून जेवणघराच्या भिंतीवर चिकटवला. बायको म्हणते, पाहुणे ती भिंत वाचतात आणि चहा न घेताच उठतात. चोवीस प्रकरणं, प्रत्येकाची पानं ठरलेली. नायिकेच्या घराला चौदा पायऱ्यांचा जिना आहे.

शब्द मात्र एकही लिहिलेला नाही. आमच्या ऑफिसात मालकाची सही झाल्याशिवाय पाया खणायला घेत नसत, आणि या कादंबरीची मालकीण तू आहेस. आई अंथरुणाला खिळली, तू शाळा सोडलीस, म्हणून मी शिकलो. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तिसरं प्रकरण त्यावरच आहे. सोबतच्या प्रतीवर उजव्या कोपऱ्यात सही कर, म्हणजे मी कामाला लागतो.

तुझ्या मंजुरीची आणि मायेची वाट पाहणारा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नकाशा मिळाला. दुकानात कापड बेतायच्या टेबलावर पसरला, तर ब्लाउज शिवायला आलेल्या बाई म्हणाल्या, एवढ्या मापाचं कोण आहे?

सही केलेली नाही. 'ताईचा त्याग', बावीस पानं! अरे, मला शाळा आवडतच नव्हती. गणिताच्या बाई वर्गात आल्या की मी पडलेली पेन्सिल शोधायला बाकाखाली शिरायचे. आईजवळ कुणीतरी थांबायला हवं असं बाबा म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. आईचं सगळं करून दुपारी शेजारच्या शिंपीणकाकूंकडे मशीनवर बसायला मिळायचं. तसे सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत. आई आजारी आणि मी सुखात, हे लिहितानाही लाज वाटते.

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू दर सुटीत येऊन मुकाट्यानं माझी भांडी घासायचास, आणि ती फार लख्ख निघायची. राहून गेलं. रागावायचं तर रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.

आहे तशीच, पण तुझीच,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलो. बायकोला वाटलं, लिहितोय. खरं सांगतो, राग आला. तुझं शिक्षण मला मिळालं म्हणून मी कधी रजा घेतली नाही, साहेबांना उलट बोललो नाही. ते सगळं गणिताच्या बाईंमुळे?

तिसरं प्रकरण काढलं की पुढची एकवीस उभी राहत नाहीत. भिंतीवरचा कागद काढला. रंगही निघाला, त्यावरून घरात वेगळं बोलणं झालं.

परवा सकाळी कोऱ्या कागदावर नुसतं लिहीत सुटलो. तू शाळेतून शेवटची घरी आलीस तो दिवस. दप्तर खुंटीला लावलंस आणि ओट्याशी उभी राहून गुणगुणायला लागलीस. मी दाराआड होतो. ताई रडू लपवायला गातेय, असं मला तेव्हा वाटलं आणि आजवर वाटत आलं. परवा लिहिताना ते गाणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. किती खुशीत होतीस गं तू! मला फार बरं वाटलं.

पहिलं पान सोबत आहे. गाण्याचे शब्द मला आठवत नाहीत. उलट टपाली कळव, दुसरं पान तिथेच अडलंय.

लोभ करतेसच, तसाच करत राहा.
तुझा,
धाकटा